चिकण असूनही हलकी: माळाच्या उतारावरची दगडगोट्यांची जमीन

जमिनीचे आपल्याकडचे ढोबळ प्रकार दोनच: काळी ती भारी, मुरमाड ती हलकी. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, पुरंदर, पारनेर, आष्टी, करमाळा या बाजूला, माळाच्या उतारांवर मात्र या वाटणीत न बसणारी जमीन सर्रास सापडते. पावसाळ्यात तिथून चालून आलं की चपलेला जाड चिखल चिकटलेला असतो, म्हणजे माती भारी. पाऊस उघडून आठवडा झाला की त्याच जागी गवत माना टाकतं, म्हणजे जमीन हलकी. दोन्ही खरं आहे. चिकटपणा मातीच्या जातीवर ठरतो, पाण्याचा साठा मात्र माती किती आहे यावर. या उतारांवर जात भारी आहे, पण माल थोडा आहे आणि तोही दगडांच्या सांदीत. हे एकदा मोजून घेतलं की चराई, चर, बांध, झाडं यांचे बरेचसे निर्णय आपोआप जागेवर बसतात.

माती आली कुठून

दख्खनचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर साचत गेला. काही थर टणक काळ्या पाषाणाचे, काही बुडबुड्यांची भोकं असलेल्या, लवकर झिजणाऱ्या मांजऱ्याचे. टणक थराची उभी पायरी आणि मांजऱ्याचा सैल उतार, असे आपले डोंगर म्हणूनच पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दगडगोट्यांची चिकण जमीन बहुतेक या सैल उतारांवर आणि पायरीच्या पायथ्याशी असते. मांजऱ्याच्या भोकांत भरलेल्या गारगोट्या सहजी झिजत नाहीत. माती वाहून गेली तरी त्या मागे उरतात. त्यामुळे एखाद्या उतारावर पांढऱ्या गारगोट्या दाट दिसू लागल्या, तर तिथली बरीच माती खाली गेली असं खुशाल समजावं.

कातळ झिजताना त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटं होतं. महाबळेश्वरच्या पावसात ते धुऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं आणि त्याच कातळाचा जांभा होतो. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ते पुरतं धुतलं जात नाही. तिथे स्मेक्टाइट नावाची चिकणमाती तयार होते. तिचे कण भाकऱ्यांच्या चळतीसारखे, पातळ पापुद्र्यांचे. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की चळत फुगते, निघून गेलं की बसते. उन्हाळ्यातल्या भेगा, पावसाळ्यातला चिकटा, वापसा येईपर्यंत बांधावर बसून राहण्याची पाळी, हे सगळं त्या पापुद्र्यांमुळे.

डोंगराच्या पायथ्याला, लवणात जी खोल काळी जमीन दिसते ती याच मातीची. फरक इतकाच की पाण्याने बारीक माल वरून खाली नेला आणि दगड वरच ठेवले.

खड्ड्याची भिंत

खणायच्या आधी जवळ रस्त्याचा ताजा काप किंवा विहिरीचं तोंड असेल तर ते बघावं, निम्मं काम होतं. साधारण दहा टक्के उताराच्या माळावर कापलेली भिंत बहुधा अशी दिसते. वरचे दोन-तीन सेंटिमीटर खडी आणि बाजरीएवढ्या मातीच्या कणी. त्याखाली वीसेक सेंटिमीटर गडद तपकिरी चिकण माती, मुठीएवढे दगड त्यात रुतलेले. ढेकूळ फोडलं की आतले काही पृष्ठ गुळगुळीत, चकाकणारे दिसतात. फुगलेली माती दगडावर आणि एकमेकींवर दाबली गेल्याची ती खूण. आणखी खाली दगड वाढतात, माती फिकी होते आणि पिवळसर मुरूम सुरू होतो.

इथे एक दगड उपटून उलटा करावा. खालच्या अंगाला पांढरा लेप दिसला तर ती चुनखडी. पाणी खाली जाताना विरघळलेला चुना घेऊन जातं आणि दगडाच्या पोटाला थबकून सुकतं, तेव्हा हा लेप बसतो. तो कोणत्या खोलीला सुरू होतो यावरून पावसाची ओल एरवी कुठवर जाते याचा चांगला अंदाज येतो. लेप वीस सेंटिमीटरवरच असेल तर एक तर तिथे पाणी कमी मुरतं, किंवा वरची माती वाहून गेल्याने खालचा थर वर आला आहे.

दगड वजा करून हिशोब

माती-परीक्षण प्रयोगशाळेत नमुना आधी दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर राहिलेले दगड फेकले जातात आणि पुढचे सगळे आकडे खाली पडलेल्या बारीक मातीचे असतात. अहवालात '४५ टक्के चिकणमाती' असं लिहिलेलं असेल तर ते ४५ टक्के त्या बारीक मातीतले, जमिनीतले नव्हेत. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. खोली आणि दगडांचं प्रमाण त्या बारांत नाही. खोल काळ्या रानात त्याने फारसं अडत नाही. उतारावर मात्र सगळा खेळ त्या दोन आकड्यांवर आहे.

समजा मातीची खोली ३० सेंमी आहे आणि आकारमानाने ४० टक्के दगड आहेत. चिकण मातीत झाडाला घेता येईल असं पाणी दर १० सेंमीला ढोबळमानाने १५ मिमी राहतं. म्हणजे ३० सेंमीला ४५ मिमी. त्यातून दगडांचे ४० टक्के वजा केले की उरले २७ मिमी. पावसाळ्यात ऊन पडलं तर हिरवं गवत दिवसाला ४-५ मिमी पाणी उडवतं. साठा पाच-सहा दिवसांचा. गवत पुढे पुढे हात आखडून पाणी वापरतं, म्हणून आठवडाभर निभतं. खालच्या मीटरभर खोल काळ्या रानात हाच साठा १५० मिमीच्या घरात असतो. वरच्या माळावर आणि खालच्या शिवारात पाऊस सारखाच पडतो, पण जुलै-ऑगस्टमधला पंधरा दिवसांचा खंड एकाला पेलतो आणि दुसऱ्याला पेलत नाही.

दगड वजनावर मोजू नयेत. बेसॉल्टची घनता सुमारे २.८, मोकळ्या मातीची १.३. आकारमानाने ४० टक्के असलेले दगड वजनाने जवळजवळ ६० टक्के भरतात. एकाच जमिनीचे असे दोन आकडे निघतात आणि वजनाचा आकडा पाण्याच्या हिशोबात घातला की साठा नाहक कमी दिसतो.

मोजायची पद्धत सोपी आहे, वेळ मात्र लागतो. ३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तो २७ लिटरचा असायला हवा, पण दगड निघाल्यावर भिंती वाकड्यातिकड्या होतात. म्हणून खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक कागद अंथरून मोजून पाणी ओतावं. जेवढं मावलं तेवढं खरं आकारमान. निघालेली माती रात्रभर भिजवून दोन मिमीच्या जाळीवर धुवावी. कोरडी चाळली तर चिकण मातीची ढेकळंही जाळीवर राहतात आणि दगड म्हणून मोजली जातात; सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मग काठोकाठ भरलेल्या बादलीत ते दगड थोडेथोडे सोडून सांडलेलं पाणी मोजावं. सांडलेलं पाणी भागिले खड्ड्याचं पाणी, म्हणजे दगडांचा वाटा. तो ३५ टक्क्यांच्या वर असेल तर मृदाशास्त्राच्या भाषेत ती 'सांगाडी' जमीन. एका उतारावर निदान तीन खड्डे घ्यावेत: माथ्याकडे, मधे, पायथ्याकडे.

मुरूम या हिशोबात अर्धवट बसतो. बोटांनी चुरा होणारा मुरूम पाणी धरतो. त्याचे तुकडे वजन करून रात्रभर भिजवले आणि पुसून पुन्हा तोलले तर किती ते कळतं. टणक काळा दगड या परीक्षेत जवळपास तेवढाच भरतो.

वर पडलेला दगड आणि रुतलेला दगड

माळावरचे दगड वेचून रान 'साफ' करायची हौस पुष्कळांना असते. सुटी खडी मातीवर पडलेली असेल तर ती कामाची आहे. पावसाचा थेंब तिच्यावर आदळतो, मातीवर नाही. तिच्या कडेने पाणी आत जातं आणि खालची ओल उन्हापासून झाकली जाते. पाऊस उघडून चार दिवसांनी असा दगड उचलून बघा, खाली माती ओलसर असते.

तोच दगड मातीच्या कडक पापुद्र्यात रुतून बसला असेल तर उलटा परिणाम होतो. उघड्या चिकण मातीवर थेंब आदळून कणी फुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि सुकला की पापुद्रा धरतो. त्यात पक्का बसलेला दगड म्हणजे पाणी घसरायला आणखी एक फरशी. ओळखायला पायाचा अंगठा पुरतो: दगड लोटल्यावर सहज हलला तर बरं, जमिनीला चिकटल्यासारखा वाटला तर तिथे पाणी मुरत नाही.

मोजणीसाठी उतारावर आडवं शंभर पावलं चालावं आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते लिहावं: गवताचं बूड, सुटा दगड, रुतलेला दगड, पालापाचोळा, उघडी माती. शेवटची बेरीज हीच टक्केवारी. दरवर्षी ऑक्टोबरात त्याच रेषेवर हे केलं की माळ सुधारतोय की बिघडतोय, हे डोळ्यांच्या अंदाजापेक्षा खात्रीने कळतं.

आणि वेचलेले दगड दोन-तीन वर्षांत पुन्हा वर येतात. जमीन सुकून आक्रसते तेव्हा दगडाखाली पोकळी होते, तीत बारीक माती घरंगळते. पावसात माती फुगली की दगड खाली जागा नसल्याने वर सरकतो. त्यात वरची बारीक माती वाहून जात असेल तर दगड अधिकच उघडे पडतात. बांधाला दगड हवे असतील तर ओघळीतले आणि पायरीखाली पडलेले मोठे घ्यावेत, खडीला हात लावू नये.

पाणी कुठे अडतं

उन्हाळ्यात या मातीच्या भेगा दगडांच्या कडेने पडतात, कारण तिथे पकड सर्वांत कमी असते. वळवाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट मुरमापर्यंत जातो आणि सगळं पाणी मुरल्यासारखं दिसतं. दोन-तीन पावसांनी माती फुगून भेगा मिटतात, मग मुरायचा वेग एकदम पडतो. माती पातळ, खाली कातळ. साठा लवकर भरतो आणि त्यानंतरचा प्रत्येक थेंब उताराला लागतो. परतीचा पाऊस माळावरून इतकी माती नेतो त्यात जोराइतकाच, आधीच भरलेल्या जमिनीचाही हात असतो.

गुरांचा खूर नेमका याच वेळी घातक. ओल्या चिकण मातीत खूर रुतला की छिद्रं दाबली जातात आणि सुकल्यावर ती जागा विटेसारखी टणक होते. दगड असले म्हणून जमीन दबत नाही, हा समज चुकीचा आहे. दगडांच्या मधली माती दबायची तेवढी दबतेच. मूठभर माती दाबून पाहावी. हाताला चिखल लागला किंवा बोटांत दाबून तिची पाच सेंटिमीटरहून लांब फीत निघाली, तर त्या दिवशी कळप माथ्याकडच्या मुरमाड भागात न्यावा. तो भाग लवकर निचरतो.

गवत काय सांगतं

द्वीपकल्पाच्या या कुरणांत खडकाळ उतारावर पवना आणि खाली सपाटीच्या काळ्या मातीवर मारवेल, असा जोड जुना आहे. ही दोन्ही चांगली बहुवर्षायू गवतं. सतत चरलेल्या माळावर ती मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. आणखी चरलं की एकसाली बारीक कुसळं आणि तरवड. म्हणजे तिथे मुळं आखूड झाली, बुडखे विरळ झाले, पापुद्रा वाढला. पायथ्याला मारवेल टिकून असेल तर खोली अजून आहे असं धरून चालावं.

किती जनावरं सोडायची हे साठ्यावरून नाही, गवतावरून काढावं. एक चौरस मीटरची चौकट पाच-सहा जागी टाकून सप्टेंबरअखेर गवत कापावं, सुकवावं, तोलावं. सरासरी १०० ग्रॅम आली तर हेक्टरी एक टन. त्यातलं निम्मंच खाऊ द्यायचं, बाकीचं बुडख्यांना आणि झाकणाला. तीसेक किलोच्या मेंढीला दिवसाला किलोभर कोरडा चारा लागतो. ५०० किलोत दहा मेंढ्या पन्नास दिवस. हा आकडा ऐकायला कमी वाटतो, पण माळाची कुवत तेवढीच आहे. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत ठेवली, त्यामागे हेच गणित आहे. कापलेलं गवत मोजता येतं, चरलेलं मोजता येत नाही.

चर, बांध, झाडं

सलग समतल चराचं, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीवर खणलेल्या चराचं, नेहमीचं माप ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल. एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. दोन चरांत दहा मीटर अंतर असेल तर ते १८ मिमी वाहत्या पाण्याला पुरतं. कागदावर ठीक आहे. पण माती वीस सेंटिमीटरच असेल तर चर खणताना सगळी माती निघते, शिवाय दहा सेंमी मुरूमही निघतो आणि तो खालच्या गवतावर पडतो. खणलेली पट्टी आणि भरावाखालची पट्टी मिळून दर दहा मीटरला सव्वा-दीड मीटर चांगलं गवत जातं. म्हणून जिथे पवना दाट आहे तिथे चर खणू नयेत. उघड्या, ओघळी पडलेल्या उताराला चर हवेतच. तिथेही दगडांमुळे सलग रेषा साधत नसेल तर तुटक चर बरे. सलग चर एका जागी चार सेंटिमीटरने जरी खाली गेला तरी लांबवरचं पाणी तिथे गोळा होऊन फोडतं. हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीचं पातळी-साधन) किंवा अ-फ्रेमने (ओळंबा लावलेली इंग्रजी A आकाराची चौकट) दर तीन-चार मीटरला पातळी घ्यावी. खणताना वरची माती वेगळी ठेवून शेवटी भरावावर पसरावी, गवत त्यावरच धरतं. यंत्राच्या बकेटने ओल्या मातीत चराचा तळ लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाफ होऊन जातं; तळ पहारीने उकरून ठेवावा.

मातीचे समतल बांध या जमिनीत का फुटतात, याचं कारण पुन्हा तेच पापुद्रे. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात, पहिल्या मोठ्या पावसात पाणी भेगेत शिरतं, आतून बीळ पडतं आणि बांध मधूनच जातो. आधी सुकं ढेकूळ पेल्यातल्या पाण्यात न ढवळता ठेवून बघावं. तुकडे होऊन पाणी नितळ राहिलं तर माती निदान बांधाला चालेल. पाणी दुधासारखं गढूळ झालं तर ती माती बांधात घालूच नये. उतारावर कोरड्या रचाईचा दगडी बांध सर्वांत खात्रीचा: वीतभर पाया खणून, मोठे दगड खालच्या अंगाला, बारीक खडी वरच्या अंगाला, उंची गुडघ्याएवढी. ओघळीतला असेल तर मध्यभाग दोन्ही टोकांपेक्षा खाली ठेवावा. हे विसरलं की पाणी टोकाने काठ कापून जातं.

झाडांत अंजनाची मुळं कातळाच्या फटींतून खोल जातात, हिवर आणि बोरही तग धरतात. फळझाडांत सीताफळ या जमिनीला साजेसं, कारण उन्हाळ्यात ते पानं गाळून पाण्याची गरजच कमी करतं. खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्यावेत, बाजू पहारीने खरवडाव्यात आणि भरताना निघालेली माती व मुरूम एकत्र कालवावा. निव्वळ चिकण माती भरली तर पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. चुनखडीच्या थरात लावलेल्या रोपांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. नत्र वाढवून ती जात नाही.

गाळ टाकायचा झाला तर

२०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे तलावाचा गाळ मुरमाड रानात नेणं वाढलं आहे. वहितीच्या, तीन टक्क्यांच्या आतल्या उताराच्या पट्टीत तो उपयोगी आहे. दहा सेंमी थराने साधारण १५ मिमी साठा वाढतो, म्हणजे पिकाला तीन दिवस जास्त. एकराला तो सुमारे १४० ब्रास लागतो, आणि वाहतूक आपल्या खिशातून असेल तर हा आकडा आधी मांडलेला बरा. बांधबंदिस्ती न करता टाकलेला गाळ पहिल्याच पावसाळ्यात, जिथून काढला त्या तलावाकडे परत जातो. नुसता वर अंथरून ठेवला तर गाळ आणि मुरूम यांच्या सीमेवर पाणी अडून राहतं, म्हणून तो नांगरून मुरमात मिसळावा. गवताच्या माळावर मात्र गाळ टाकू नये. पवन्याचे बुडखे त्याखाली गुदमरतात आणि त्या जागी पहिल्या वर्षी तण येतं.